पाणी गेलं कुठे?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात उपसागराकाठच्या एका गावी दोन दिवस राहिलो. फोटोत निळंशार पाणी होतं. सकाळी अकराला मुलांना पोहायचे कपडे घालून काठावर नेलं, तर नजर पोचेल तिथवर चिखल! दुसऱ्या दिवशीही तेच. यंदा चार दिवस जायचंय. बरोबर नऊ आणि बारा वर्षांची मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. पुन्हा फसायचं नाही.
– दोन मुलांची आई

उत्तर : फसवलं कुणीच नाही. तुम्ही ओहोटीला गेलात आणि फोटोवाला भरतीला, एवढाच फरक. यंदा खोली ठरवण्याआधी त्या जागेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे ठरावीक भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. तुमची अकराची ओहोटी दुसऱ्या दिवशी बाराला दहा कमी असताना आली, म्हणून तुम्हाला पुन्हा चिखलच दिसला. तेच आठवडाभरानं गेला असतात, तर अकराच्या सुमाराला भरती मिळाली असती. आणि तळ जितका सपाट तितकं पाणी लांब जातं; दोन-तीन मीटरच उतरलं तरी काठ किलोमीटरभर मागे सरकतो.

तारखा बदलता येत नसतील तर ओहोटीलाही कामाला लावा. माझं तर म्हणणं आहे की उपसागर एकदाच पाहिला तर तो अर्धाच पाहिला. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात होपवेल रॉक्स नावाचे खडकांचे उंच सुळके आहेत. ओहोटीला लोक त्यांच्या बुंध्याशी, समुद्राच्या तळावर चालतात आणि काही तासांनी त्याच सुळक्यांच्या मधून कयाक वल्हवतात. त्या उपसागराच्या आतल्या टोकाला पाणी 16 मीटरपर्यंत चढतं-उतरतं. आकार नरसाळ्यासारखा हे एक कारण. दुसरं असं, की तिथलं पाणी एकदा हलवलं की एक हेलकावा पुरा करायला त्याला साधारण 13 तास लागतात, म्हणजे जवळपास भरतीच्याच तालात. झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलत राहावं तसं होतं. बारा वर्षांच्या मुलाला हे झोपाळ्यावर बसवूनच सांगा, लगेच कळेल.

मुलांना तळावर न्यायचं तर ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड-दोन तास आधी उतरा आणि पाणी वळायच्या आत परत फिरा. पाणी एका चालीनं चढत नाही. ढोबळ हिशेब असा : पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, मग तीन, पुन्हा तीन, मग दोन, एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येऊन जातं. पहिल्या तासाला बघून ‘अजून खूप वेळ आहे’ म्हणणारी माणसं इथेच अडकतात. त्यातून पाणी समोरूनच येईल असंही नाही. आधी ते मागच्या चरांतून शिरतं आणि तुम्ही उभे असता त्या उंचवट्याचं बेट करून टाकतं. इंग्लंडच्या मोरकॅम्ब उपसागरात वाळूतून वाट दाखवायला सोळाव्या शतकापासून राजाचा नेमलेला वाटाड्या असतो. तिथेच 2004 च्या फेब्रुवारीत रात्री शिंपले वेचणारी किमान 21 माणसं भरतीत गेली. अशा ठिकाणी स्थानिक वाटाड्याशिवाय काठापासून लांब जाऊच नका.

आता माझी फजिती. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तिथली काही छापील वेळापत्रकं मात्र जुन्या वेळेवरच असतात. मी तळटीप वाचली नाही. हिशेबानं धक्क्याला पाणी लागायला हवं होतं, त्या वेळी कयाक ओढत पोचले, तर पुढे साठ-सत्तर पावलं नुसता राखाडी, चकचकीत चिखल. तासभर थांबायचं, की नाही? पण मी गमबूट घालून आत शिरले. दहाव्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो उपसायला डाव्यावर भार दिला, तर तोही गेला. जोर लावला की बूट आणखी घट्ट धरला जायचा. आणि लांबून पाणी येत होतं, या वेळी अगदी वेळेवर. शेवटी कयाकवर पाठ टेकून मागे रेलले, बुटातच पाय हळूहळू हलवत चिखल सैल केला आणि एकेक पाय बाहेर काढला. एक बूट अजून तिथेच आहे. आल्या पावलांवरून रांगत परतले, तेव्हा धक्क्यावर एक आजोबा शांतपणे चहा पीत होते. कुणी असं रुतलं तर हेच करा : ताणू नका, बसा किंवा मागे रेला, भार पसरा आणि वेळ न घालवता मदतीला हाक मारा.

सासूबाईंसाठी पाठ टेकता येईल असा काठावरचा बाक शोधा आणि भरती पूर्ण होण्याच्या दोन तास आधी त्यांना तिथे बसवा. ओहोटीत लांबवर पांगलेले चिखलपक्षी चढत्या पाण्याबरोबर मागे सरत काठाशी येतात. साधी दुर्बीण पुरते, चालावंही लागत नाही. पक्षी थव्यानं विसावले की मुलांना त्यांच्यात पळू देऊ नका. पुढच्या ओहोटीपर्यंत त्यांची ती विश्रांती असते.

प्रश्न : आम्ही दोघं प्रथमच पॅडलबोर्ड (फळीवर उभं राहून वल्हवणं) करणार आहोत. उपसागरात लाटा नसतात, तेव्हा दुपारी निवांत गेलं तर चालेल ना?
– नवशिके

उत्तर : सकाळी जा. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत घुसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात उन्हाळ्याच्या दुपारी गोल्डन गेटच्या फटीतून हा वारा असा शिरतो, की कुडकुडणारे पाहुणे स्वेटर शोधत फिरतात. त्यात ओहोटीचं पाणी बाहेर आणि वारा आत अशी टक्कर झाली, तर उपसागराच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. तिकडे फिरकू नका.

खरी भीती मात्र जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्याची. काठाशी पाणी आरशासारखं दिसतं, कारण वाऱ्याला अजून लाट उठवायला जागाच मिळालेली नसते. त्यात हवा भरलेली खेळणी तर मिनिटांत लांब जातात. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. जीवरक्षक जाकीट घाला. वाहवलात तर फळी सोडू नका, तिच्यावर पालथं पडून हातांनी वल्हवा.

प्रश्न : उथळ पाण्यात पाकट मासा चावतो का?
– घाबरलेला बाप

उत्तर : चावत नाही, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. कोमट, उथळ पाण्यात तो वाळू अंगावर घेऊन पडून असतो. पावलं उचलून न टाकता तळावरून घासत चाला, चाहूल लागली की तो स्वतःच निघून जातो. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम, पण पोळणार नाही अशा पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. दुसऱ्याच्या हातानं पाणी तपासून घ्या, दुखऱ्या पायाला पोळल्याचं कळत नाही. काटा आत मोडला असेल किंवा छाती-पोटात लागला असेल, तर तो उपसू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : रात्री चमकणारं पाणी पाहायचंय. पौर्णिमेला जावं का?
– हौशी छायाचित्रकार

उत्तर : अमावास्येला जा. ही चमक पाण्यातल्या एकपेशीय जीवांची. पाणी ढवळलं की ते उजळतात, आणि चांदण्यात ती फिकी पडते. पोर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावरचा मॉस्किटो बे यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे पोहायला मनाई आहे, पण कयाकमधून वल्हं मारलं की पुरे.