प्रवासाची गिटार घेताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

फिरतीच्या नोकरीमुळे महिन्यातले पंधरा दिवस रियाज बुडतो. कमी खर्चात एखादी छोटी गिटार घ्यावी म्हणतो, पण मोठ्या गिटारची सवय असलेला हात तिच्यावर बसेल का?

हे पेटीच्या आकारावर ठरत नाही, तारेच्या लांबीवर ठरतं. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतच्या (पेटीवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) या लांबीला स्केल म्हणतात. नेहमीच्या गिटारची स्केल साधारण 650 मिलिमीटर असते, प्रवासी गिटारींची बहुतेक वेळा 540 ते 600.

पैसे खर्च करण्याआधी घरच्या गिटारवर एक प्रयोग करा. सहाही तारा दोन-दोन फ्रेटइतक्या (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खाली उतरवा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. सूर नेहमीचाच राहील, पण कॅपोपासून सॅडलपर्यंत 579 मिलिमीटर उरतील आणि तारांचा ताण सुमारे 20 टक्क्यांनी उतरलेला असेल. 580 स्केलची गिटार त्याच तारांवर हाताला जवळपास अशीच लागते. तासभर वाजवा. बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे) एकदम हलके वाटतील. ए कॉर्डला मात्र तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये दाटतात का, आणि जोरात स्ट्रोक मारला की जाड ई तार फ्रेटवर आपटून खडखडते का, ते नीट पाहा. बोटं दाटली तर 600च्या जवळपासची स्केल शोधा. नुसती खडखड असेल तर उपाय सोपा आहे: छोट्या गिटारला बारीक तारा घालू नका. 12चा सेट (सगळ्यात बारीक तार 0.012 इंच जाडीची) घाला, आणि कंपनीने चालतो म्हटलं असेल तर 13चा.

स्वस्त गिटार दुकानात पारखायची कशी? मला फक्त ओपन कॉर्ड येतात.

ओपन कॉर्ड, म्हणजे काही तारा मोकळ्या ठेवून नटजवळ धरायचे कॉर्ड, तर सगळ्याच गिटारींवर गोड लागतात. माझी पहिली छोटी गिटार मी तशीच उचलली होती. घरी आल्यावर कळलं की पाचव्या फ्रेटपुढे तिचा प्रत्येक सूर चढा लागतो. आठ महिन्यांत मी ती वाजवणंच सोडलं, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

ट्यूनर सोबत न्या. प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट न दाबता नुसतं टेकवून घंटेसारखा सूर (हार्मोनिक) काढा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला सूर ठळकपणे चढा असेल, तर आधी तारा फ्रेटपासून फार उंच आहेत का ते बघा, कारण उंच तार दाबताना जास्त ताणली जाते. बाराव्या फ्रेटवर जाड ईखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर ठीक. उंची ठीक असूनही सूर चढा असेल, तर सॅडलच चुकीच्या जागी बसलंय. सॅडल ज्यात बसतं तो ब्रिज पेटीला चिकटवलेला असतो, ते दुरुस्त करण्याचा खर्च स्वस्त गिटारला परवडत नाही. ती गिटार दुकानातच परत ठेवून द्या.

बाकी दोष घाबरण्यासारखे नाहीत. उंची जास्त असेल तर सॅडल खालून घासून घेता येतं. खुंटी पिळताना नटमध्ये ‘टिक’ आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, तेव्हा तार खाचेत अडकत असते. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं तरी बराच फरक पडतो. नाही पडला तर कारागिराकडून खाच किंचित रुंद करून घ्या.

सॉलिड टॉप की लॅमिनेट?

प्रवासासाठी लॅमिनेट, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली पेटीची वरची फळी; सॉलिड टॉप अख्ख्या लाकडाचा असतो. आवाज थोडा कमी खुलतो, पण कोरड्या हवेतून दमट हवेत गेल्यावर तडा जाण्याची धास्ती खूप कमी राहते.

गिटालेले घेतली तर चालेल का? सगळ्यात छोटी तीच दिसते.

चालेल, पण ती (युकुलेलेच्या आकाराची सहा तारांची गिटार) वेगळं वाद्य समजून घ्या. यामाहाच्या गिटालेलेची स्केल 433 मिलिमीटर आहे आणि ती गिटारपेक्षा पाच फ्रेट वर, ए ते ए (सगळ्यात जाड तार ए, सगळ्यात बारीकही ए) अशी लागते. जी कॉर्डचा आकार धरला की सी ऐकू येतो. एकट्याने गुणगुणायला, धून सुचली की लगेच पकडायला फार सुंदर. दुसऱ्या गिटारवाल्याबरोबर बसायचं असेल तर मनातल्या मनात कॉर्ड बदलत राहावे लागतात. शिवाय नायलॉनच्या तारांवर बोटांचे घट्टे टिकत नाहीत, म्हणून स्टीलच्या तारांच्या रियाजाला मी ती सुचवत नाही.

विमानात केबिनमध्ये नेता येईल ना?

गृहीत धरू नका. तीन-चतुर्थांश आकाराची गिटारसुद्धा 85 सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि केबिन बॅगेची मर्यादा बहुतेक ठिकाणी 55च्या आसपास असते. तिकीट काढण्याआधी कंपनीचा वाद्यांबाबतचा नियम वाचा. सामानात टाकायची वेळ आलीच तर हार्ड केस हवी. तारा एक-दोन स्वर सैल करा. सगळ्यात आधी मोडतं ते हेडस्टॉक (खुंट्या असलेलं टोक), तेही मानेला जुळतं तिथेच. म्हणून त्याच्या खाली आणि दोन्ही बाजूंना मोजे, टी-शर्ट दाबून भरा. केस बंद करून हलवून पाहा. आत काही हलल्याचं जाणवलं, तर अजून एक टी-शर्ट लागेल.