शेतकरी कंपनीच्या नव्या संचालकास

भाऊ, संचालक मंडळावर आलात, तेव्हा ताळेबंदाआधी कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे महाराष्ट्रातला कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याची जुनी योजना, समजून घ्यावी. १९७२ साली ती व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी सुरू झाली आणि तो हेतू खरा होता. मात्र हमीभाव सरकारी निर्णयाने ठरे. बाहेर भाव चढला की आपला कापूस चोरवाटेने परराज्यात जाई आणि उतरला की तिकडचा इकडे येई, त्यामुळे तोटा तेवढा योजनेच्या पदरी पडे. विदर्भाच्या वाट्याला आलेला हा मोठा धडा आहे, असे मी मानतो.

याउलट १९४६ साली आणंदला नोंदलेल्या दूध संघाने दूध फॅट तपासून घेण्याची आणि त्याप्रमाणे पैसे देण्याची शिस्त बसवली.

म्हणून हंगामात आपण सभागृहापेक्षा काट्याजवळ अधिक वेळ उभे राहावे. कापसात ओलावा मोजण्याचे यंत्र खुपसले की त्यावरचा आकडा आधी शेतकऱ्याला दिसला पाहिजे, आणि संचालकाच्या चुलत्याची गाडीसुद्धा रांगेतच लागली पाहिजे. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे देणे, ठरल्या तारखेला होत नसेल, तर त्याचे कारण फलकावर लिहावे; उत्तर द्यायला शिपायाला पुढे करू नये.