सोलजवळ दोन दिवस मोकळे असतील तर सुवॉन पाहा

कामानिमित्त सोलला जाणे होणार आहे, अखेरचे दोन दिवस मोकळे आहेत आणि जुन्या वास्तू व आजचे कोरियन शहरजीवन ही दोन्ही फारशी धावपळ न करता एकाच ठिकाणी पाहायची आहेत, तर कोणते शहर निवडावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर सुवॉन हे आहे. नोकरीमुळे मी तेथे दीड वर्ष राहिलो, त्यामुळे मनात त्या शहराविषयी आपुलकी आहे हे खरे. तरीही सोलपासून मेट्रोने जेमतेम तासाभरावर असलेले हे शहर ओलांडून आपले बहुतेक प्रवासी थेट बुसानला जातात, याचे मला वाईट वाटते.

एक विनंती आधीच करतो. पहिला दिवस इतिहासाचा आणि दुसरा दिवस आधुनिक स्थळांचा, अशी वाटणी सुवॉनमध्ये करू नये. येथील ह्वासॉंग ही सुमारे 5.7 किलोमीटर लांबीची तटबंदी शहराबाहेर एकाकी उभी नाही. तिच्या आत आणि बाहेर लोक राहतात, मुले तटाच्या कडेने शाळेत जातात आणि दक्षिण दरवाजाला वळसा घालून बस धावतात. तट चालता चालताच आजचे शहरही दिसत राहते.

हा तट का बांधला गेला, हे ठाऊक असल्याशिवाय तो पाहण्यात अर्थ नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जोसॉन घराण्यातील राजा यॉंगजो याने 1762 साली आपलाच मुलगा, युवराज सादो, याला भर उन्हाळ्यात तांदूळ साठवण्याच्या लाकडी पेटीत कोंडले आणि आठ दिवसांनी त्याचा त्यातच अंत झाला. त्या वेळी सादोचा मुलगा जेमतेम दहा वर्षांचा होता. हाच मुलगा 1776 मध्ये जॉंगजो या नावाने गादीवर आला आणि 1789 मध्ये त्याने वडिलांची समाधी सुवॉनजवळच्या एका शुभ मानलेल्या डोंगरापाशी हलवली. जुने सुवॉन त्या डोंगराच्या पायथ्याशीच वसलेले होते, त्यामुळे तेथील वस्ती उठवून पालदालसान या टेकडीच्या पायथ्याशी नवे गाव वसवावे लागले. आजचे सुवॉन ते हेच, आणि त्याच्याभोवती 1794 ते 1796 या काळात ह्वासॉंगचा तट उभा राहिला. वडिलांविषयीची ओढ हे त्यामागचे एक कारण होते. राजधानीतील गटबाजीपासून दूर आपले स्वतःचे बळ उभे करणे, हे दुसरे.

पहिल्या दिवशी सकाळी सुवॉन स्थानकावरून बसने ह्वासॉंग हेंगगुंग येथे जावे. वडिलांच्या समाधीच्या दर्शनाला येताना राजा उतरत असे तो हा प्रवासी राजवाडा. आईच्या साठीचा सोहळा जॉंगजोने 1795 मध्ये येथेच साजरा केला. सादो आणि त्याची पत्नी एकाच वर्षी जन्मलेले असल्याने तो हयात असता तर त्याचेही ते साठावे वर्ष ठरले असते, ही गोष्ट त्या दालनासमोर उभे राहिल्यावर मनातून जात नाही. जपानी राजवटीत वाड्याचा बहुतेक भाग पाडून तेथे रुग्णालय बांधण्यात आले होते, त्यामुळे आज दिसते ते बरेचसे पुनर्बांधणीचे काम आहे. वाड्याच्या मुख्य दरवाजासमोर पारंपरिक युद्धकलांची प्रात्यक्षिके होतात. त्यांची वेळ आदल्या दिवशी तपासून घ्यावी, कारण ती चुकवू नयेत इतकी चांगली असतात.

तटावर मात्र दक्षिणेच्या पालदालमुन दरवाजापासून चढावे आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरावे, म्हणजे पालदालसानचा खडा चढ आरंभीच, अंगात उत्साह असताना संपतो. सह्याद्रीतील गड चढलेल्या माणसाला हा चढ किरकोळ वाटेल. माथ्यावर सॉजांगदे हे सेनापतीचे टेहळणीस्थान आहे आणि तेथून वाडा, जुनी उतरती छपरे आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या निवासी इमारतींच्या रांगा एका नजरेत येतात. तेथून उतरताना पश्चिमेचा ह्वासॉमुन दरवाजा आणि त्याला लागून असलेला विटांचा पोकळ बुरूज येतो. येथे जरूर थांबावे. खाली दगड, वर विटा, आत सैनिकांसाठी मजले आणि भिंतीत माऱ्याची भोके अशी त्याची रचना आहे आणि ती मूळची टिकून आहे. पुढे उत्तरेचा भव्य जांगानमुन दरवाजा, मग ओढ्यावरची सात कमानींची ह्वाहोंगमुन ही जलद्वारे, आणि तिच्या शेजारी तळ्याच्या काठावरचा बांगह्वासुर्युजॉंग हा मंडप. नाव अवघड असले तरी माझ्या दृष्टीने संपूर्ण तटावरची सर्वांत देखणी जागा हीच आहे. संध्याकाळी दिवे लागल्यावर खालच्या तळ्याकाठी स्थानिक कुटुंबे चटया अंथरून बसतात, आपणही बसावे.

या तटबंदीच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र दगडाची नाही, कागदाची आहे. बांधकाम पूर्ण झाल्यावर त्याचा संपूर्ण वृत्तान्त तयार करण्यात आला आणि तो 1801 मध्ये छापला गेला. त्यात प्रत्येक वास्तूची चित्रे आहेत, साहित्याच्या किमती आहेत, आणि कोणत्या कारागिराने किती दिवस काम केले व त्याला किती मजुरी मिळाली हेही नावानिशी नोंदवलेले आहे. वेठबिगारीऐवजी मजुरी देऊन काम करून घेतले गेले, म्हणूनच एवढा हिशेब ठेवावा लागला. जॉंग याक-योंग या विद्वान अधिकाऱ्याने चीनमार्गे आलेल्या पाश्चात्त्य यंत्रविषयक ग्रंथाच्या आधारे, जड शिळा उचलण्यासाठी कप्प्यांचे जे यंत्र तयार केले, त्याचीही आकृती त्यात आहे. कोरियन युद्धात उत्तर आणि पूर्व दरवाजांची फार मोठी हानी झाली, तेव्हा 1970 च्या दशकातील जीर्णोद्धार याच नोंदींवरून करता आला आणि 1997 मध्ये युनेस्कोने ह्वासॉंगला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. नव्याने बांधलेला दरवाजा खरा कसा मानायचा, हा प्रश्न मलाही पडला होता. या ग्रंथाची पाने शहरातील संग्रहालयात पाहिल्यावर तो उरला नाही.

पूर्वेच्या बाजूला मोकळे मैदान आहे, तेथे पैसे भरून धनुर्विद्येचा अनुभव घेता येतो. त्यापुढे पाच धुरांड्यांचा इशारतीचा बुरूज लागतो. शांततेच्या काळात एकाच धुरांड्यातून धूर सोडत आणि संकट जसे वाढेल तशी धुरांड्यांची संख्या वाढवत. पालदालमुनजवळ येताना तट एकाएकी संपतो आणि आपण थेट बाजारात उतरतो. पहिल्या वेळी मला वाटले की वाट चुकली. वाट चुकलेली नसते, तटाचा तेवढा भाग शहराच्या वाढीत नाहीसा झाला आहे आणि त्याच्या जागी भाजी, मासळी, कापड आणि खाद्यपदार्थांचे जुने बाजार भरतात. येथून जवळच अख्ख्या तळलेल्या कोंबडीसाठी प्रसिद्ध असलेली गल्ली आहे. सुवॉनची दुसरी ख्याती असलेले गाल्बी, म्हणजे भाजलेल्या बरगड्या, हे गोमांसाचे असते, याची आपल्याकडील अनेकांना आधी कल्पना असावी. शाकाहारी असाल तर मांस न घातलेला बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मागावा, पण किमचीत (आंबवलेल्या कोबीच्या तोंडीलावण्यात) बहुधा माशांचा अर्क किंवा खारवलेली कोळंबी असते, हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी ग्वांगग्यो या नव्या उपनगरात जावे. दोन जुन्या जलाशयांभोवती तेथे विस्तीर्ण उद्यान केले आहे आणि जवळच 2020 मध्ये उघडलेले एक दुकानसंकुल आहे, ज्याच्या दगडी भिंतीभोवती काचेचा मार्ग वेटोळे घालत वर चढतो. खरेदी करायची नसली तरी ती इमारत पाहावी. सॅमसंगचे मुख्यालयही याच शहरात असून तेथील संग्रहालय विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा इतिहास चांगला मांडते; भेटीचे दिवस आणि नोंदणीचे नियम मात्र आधी पाहून घ्यावेत. दुसऱ्या एका मॉलमधील उंच ग्रंथालयाची छायाचित्रे आपण पाहिली असतील, ते ह्वासॉ स्थानकाजवळ आहे. अर्धा तास पुरतो.

त्यापेक्षा मी हेउजे या संग्रहालयाला अधिक वेळ देईन. सुवॉनचे माजी महापौर सिम जे-डॉक यांनी 2007 मध्ये स्वतःसाठी शौचकुपाच्या आकाराचे घर बांधले आणि त्यांच्या निधनानंतर ते शहराच्या ताब्यात आले. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाचे काही सामने सुवॉनमध्ये झाले, त्याआधी त्यांनी शहरातील सार्वजनिक स्वच्छतागृहांचा कायापालट घडवून आणला होता. शहराची स्वच्छतागृहे वापरताना त्या कामाचा अर्थ कळतो.

प्रवासासाठी सोल स्थानकावरून मेट्रोची पहिली मार्गिका सोयीची आहे. रेल्वेची गाडी घेतल्यास साधारण अर्ध्या तासात पोहोचता येते. टी-मनी हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासी कार्ड बस आणि मेट्रो दोन्हीकडे चालते. पायी फिरताना रस्ता शोधण्यासाठी नेव्हर मॅप हे कोरियन नकाशा-अ‍ॅप वापरावे. त्यावर नाव टाकताना एक काळजी घ्यावी: ह्वासॉंग नावाचे स्वतंत्र शहर सुवॉनच्या शेजारी आहे, तटबंदी मात्र सुवॉनमध्ये आहे. त्या दुसऱ्या ह्वासॉंगमध्ये सादोची आणि जॉंगजोची अशा दोन्ही समाध्या एकाच वनराईत आहेत. दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी राहिली, तर पहिल्या मार्गिकेवरील ब्यॉंगजॉम स्थानकावर उतरून तेथून बसने जावे आणि आधी वडिलांची, मग मुलाची समाधी पाहावी.