मामांची बोट, शेजाऱ्यांची मुलं

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. माझ्या सख्ख्या मामांची दाभोळला मासेमारीची यांत्रिक नौका आहे. दिवाळीच्या सुटीत माझ्या मुलाचा दहावा वाढदिवस येतो. त्यानिमित्त सोसायटीतली चौदा मुलं आणि पाच-सहा मोठी माणसं घेऊन दाभोळच्या खाडीतून बाहेर डॉल्फिन बघायला जायचं ठरतंय. मामा स्वतः तांडेल, म्हणजे नौकेचे कप्तान, उभा जन्म दर्यावर गेलेला. ते भाडं घेणार नाहीत. डिझेल आणि जेवणासाठी घरटी सातशे रुपये काढायचे एवढंच. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ग्रुपवर विचारलं, "काही झालं तर जबाबदार कोण?" म्हणून सगळ्या पालकांकडून 'काही अनुचित घडल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत' असं पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचा विचार आहे. तेवढं पुरेल का? सहल खाजगी आहे, म्हणजे परवानगी लागत नाही ना? आणि एका मुलीच्या आईवडिलांची घटस्फोटाची केस चालू आहे, तिच्यासाठी सही कुणाची घ्यावी?

उत्तर : आधी एकच गोष्ट स्पष्ट सांगतो. या मुलांना या नौकेतून नेऊ नका. बेत मोडा असं म्हणत नाही, नौका बदला. मामाही बरोबर येऊ देत, पण ज्या नौकेला माणसं न्यायचा परवाना आहे तिच्यातूनच जा. हे जरा सविस्तर लिहितो, कारण गाव कोकणात आणि बिऱ्हाड मुंबई-ठाण्याकडे असलेली कितीतरी कुटुंबं सुटीत असाच बेत आखतात. हेतू कुणाचाच वाईट नसतो.

मामांच्या नौकेचा परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालचा आहे आणि तो मासेमारीसाठीच आहे. त्या नौकेवर तांडेल आणि खलाशी असणार, एवढं सरकारला माहीत आहे. चौदा मुलं असणार हे कुठल्याच कागदावर नाही. हा नुसता कागदाचा घोळ नव्हे. मासेमारीची नौका बांधतानाच हिशेब असा असतो, की बर्फ आणि मासळीचं वजन खाली खणात राहील. वजन खाली असलं की नौका ठाम राहते. माणसं मात्र वर फळीवर उभी राहतात. त्यात "तो बघ, डॉल्फिन!" असं कुणी ओरडलं की सगळी मुलं एका क्षणात एकाच बाजूला धावतात. मामांचा अनुभव मोठा आहे, पण तो खलाशांना घेऊन जाण्याचा. खलाशाला कधी कुठे बसायचं ते सांगावं लागत नाही. दहा वर्षांच्या पोराला शंभरदा सांगितलं तरी डॉल्फिन दिसल्यावर ते आठवणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी जी बोट उलटली ती मुळात मासेमारीची नौका होती. तिच्यात फेरफार करून ती पर्यटकांसाठी वापरात आणली होती. माणसं क्षमतेहून जास्त, वेळ अंधार पडल्यानंतरची. बावीस जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुलं बरीच होती.

आता 'खाजगी सहल' या मुद्द्याकडे येतो. सहल खाजगी की सार्वजनिक, हा इथे पहिला प्रश्नच नाही. नौका कुठली, तिला काय वाहून न्यायची परवानगी आहे आणि तिच्यात बसलं कोण, हे पाहिलं जातं. खाडी, नदी, धरणाचं पाणी यांतल्या यांत्रिक नौकांना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन हा आला. नौकेची नोंदणी, ठरावीक मुदतीने तपासणी, चालवणाऱ्याकडे पात्रतेचा दाखला, विमा आणि जीवरक्षक साधनं या सगळ्यांचं बंधन त्यात आहे. खाडीचं तोंड ओलांडलं की समुद्र लागतो आणि नियमांचा संच बदलतो. पण तुमच्यापुरतं दार एकच आहे, ते महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयाचं. प्रवासी नौकांचे परवाने तिथे असतात आणि कुठली नौका कुठवर जाऊ शकते हेही तिथेच कळतं. खाडीपुरता परवाना असलेली नौका डॉल्फिनसाठी बाहेर काढता येत नाही, हे नौकामालक तुम्हाला आपणहून सांगेलच असं नाही. म्हणून विचारा.

घरटी सातशे रुपयांचं काय? भारतीय न्याय संहितेचं कलम २८४ भाडं घेऊन माणसं नेण्याबद्दल आहे. असुरक्षित किंवा जादा भरलेल्या नौकेतून भाड्याने कुणाला जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे नेलं आणि जीव धोक्यात घातला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. डिझेलची वर्गणी म्हणजे भाडं नव्हे, असा युक्तिवाद करता येईल आणि मीही तो करीन. पण त्याच्या भरवशावर राहू नका. कलम २८२ हयगयीने नौका हाकण्याबद्दल आहे, १२५ दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दल, आणि १०६ निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल, ज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या तिन्हींमध्ये पैसे घेतले की नाही याचा काही संबंध नाही. फुकट नेलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही.

आणि आरोपी एकटे मामाच असतील असं नाही. बेत कुणी आखला, मुलं कुणी गोळा केली, किती माणसं चढवायची ते कुणी ठरवलं, हे सगळं तुमच्या ग्रुपवर तारीखवार लिहिलेलं आहे.

स्टॅम्पपेपरवर तुमची सगळी मदार दिसते, म्हणून त्याबद्दल जरा थांबून सांगतो. 'आयोजक जबाबदार नाहीत' या वाक्याला मुलांच्या बाबतीत कोर्टात फारसा अर्थ उरत नाही. एक तर फौजदारी जबाबदारी करार करून टाळताच येत नाही. अपघातानंतर सगळ्या पालकांनी 'आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही' असं लिहून दिलं तरी पोलीस गुन्हा नोंदवू शकतात. दुसरं, इजा झाली तर भरपाईचा हक्क त्या मुलाचा स्वतःचा असतो. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाला करार करता येत नाही, आणि त्याचा हक्क आईबापांना असा आगाऊ सोडून देता येत नाही. शिवाय निष्काळजीपणाच माफ करून टाकणारा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकतो. भारतीय करार अधिनियमाचं कलम २३ त्यासाठीच आहे. दावा किती दिवसांत लावायचा हे ठरवणाऱ्या मुदत कायद्यानेही मुलांना वेगळं संरक्षण दिलं आहे. मूल अज्ञान असेपर्यंत मुदत त्याच्याविरुद्ध धावत नाही, सज्ञान झाल्यावरही त्याला दावा लावता येतो. म्हणजे आज आठ वर्षांची असलेली मुलगी दहा वर्षांनी कोर्टात उभी राहू शकते, तिच्या वडिलांनी आज कशावरही सही केलेली असली तरी.

पंजाबातल्या पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल मे १९९५ मध्ये बियास नदीकाठी गेली होती. चौदा विद्यार्थी बुडाले. उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या खटल्यात ती कायम ठेवली. तिथे बोटीचा प्रश्न नव्हता, शाळा होती, शिक्षक होते. तुम्ही शाळा नाही हे खरं. पण त्यामागचं तत्त्व तुम्हालाही लागू पडेल असं मला वाटतं : आईबाप जवळ नसताना मुलं ज्याच्या हवाली केली आहेत, त्याने समजूतदार पालकाइतकी काळजी घ्यायची असते. चौदा घरांनी आपली मुलं तुमच्या हवाली केली, ती जबाबदारी तेव्हाच तुमच्यावर आली.

तरीही पालकांकडून कागद जरूर घ्या, फक्त दुसऱ्या प्रकारचा, आणि त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. कुठल्या नौकेतून, किती वाजता, कुठून कुठवर, बरोबर मोठी माणसं कोण, हे त्यात तुम्ही लिहून द्या. पालकांनी लिहायचं ते असं : मुलाला पोहता येतं का, दमा आहे का, आकडी येते का, औषध कुठलं, तातडीचा फोन कुणाचा. माहिती देऊन घेतलेली ही संमती आहे. तुम्ही काळजी घेतली याचा तो पुरावा ठरेल, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या मुलावर जास्त लक्ष ठेवायचं हे तुम्हाला आदल्या दिवशीच कळेल.

विम्याचाही घोळ आहे. रस्त्यावरच्या अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं, बोटीच्या अपघाताला तो रस्ता नाही. मामांच्या नौकेचा विमा असला तर तो मासेमारीच्या धंद्यासाठी घेतलेला असणार. तिच्यावर पाहुणे चढवले की दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. नौका गेली, परवाना अडकला, तर घर मामांचं बसेल. त्यांना नको म्हणताना हे सांगा. "तुमच्यावर विश्वास नाही" असं त्यांना वाटता कामा नये, कारण मुद्दा तो नाहीच. परवान्याची नौका निवडायला त्यांच्याइतका जाणकार माणूस तुम्हाला दुसरा मिळणार नाही. जेटीवर कुठला मालक इंजिन नीट राखतो आणि कुठला नुसता रंग मारतो, हे त्यांना पाठ असेल.

नौका ठरवताना तपासणीचा दाखला मूळ बघा, मोबाईलवरचा फोटो नको. त्यावरची मुदत, प्रवाशांची संख्या आणि नौका कुठवर नेता येते, या तीन गोष्टी वाचा. "पोरं लहान आहेत, दोन मिळून एक धरू" असं कुणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करून निघा. वजन कमी असेल, पण पाण्यात पडलं तर प्रत्येक पोराला वेगळं जाकीट लागतं आणि वेगळा हात लागतो. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तो साधा तलाव होता, काठ डोळ्यांसमोर होता. बोट जादा भरलेली होती आणि जाकिटं सगळ्यांच्या अंगावर नव्हती.

जाकिटांबद्दल मी आग्रहाने लिहितो. लाइफ जॅकेट 'बोटीत आहेत' हे उत्तर चालवून घेऊ नका, आणि मोठ्यांचं जाकीट मुलाला घालू नका. किनाऱ्यावरच प्रत्येक मुलाला घाला, पट्टे आवळा आणि दोन्ही खांद्यांशी धरून जाकीट वर ओढून बघा. ते कानांपर्यंत सरकलं तर पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असलेली मुलांची जाकिटं मिळतात, तीच हवीत. नौकेवाल्याकडे पुरेशी नसतील तर घरटी सातशेतले काही त्यावर खर्च करा. जाकीट मुलांनी काढायचं ते परत जेटीवर पाय ठेवल्यावर. मोठ्यांनीही घालायचं, नाहीतर मुलं ऐकणार नाहीत.

बाकीचं मामा तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी खाडीच्या तोंडाशी बाहेरच्या लाटेला भिडतं तेव्हा तिथे फार उसळतं, म्हणून वेळ भरती-ओहोटी पाहून त्यांनाच ठरवू द्या. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा. बंदरावर धोक्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर किनाऱ्यावरच केक कापा, आणि हे मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा म्हणजे सकाळी रडारड होणार नाही. उजनीत २१ मे २०२४ रोजी अचानक सुटलेल्या वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. ते तर धरणाचं पाणी होतं. उजेड असतानाच परत या. मोठ्यांपैकी कुणी घेतलेली असेल तर त्याला नौकेत घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो. पाच-सहा मोठ्यांना चौदा मुलं मला जास्त वाटतात. दोन मुलांमागे एक मोठा माणूस आणि त्यांत पोहणारे किती हे आधी मोजलेलं, असं असावं. कुठलं मूल कुणाचं हे नावानिशी ठरवा. किनाऱ्यावर एका माणसाकडे सगळ्यांची यादी आणि परतीची वेळ लिहून ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि नेहमीचा ११२ हे क्रमांक त्याच्याकडे हवेत.

राहिली ती मुलगी. तिच्या आईवडिलांच्या केसमध्ये ताब्याबद्दल अंतरिम आदेश झाला असेल तर सहीचं उत्तर त्या आदेशात आहे, तो मागून वाचा. नुसतं 'ताबा आईकडे' एवढ्यावर थांबू नका. दिवाळीची सुटी दोघांत वाटून देणारे आदेश कोर्टं बऱ्याचदा करतात, आणि तुमची तारीख नेमकी वडिलांच्या दिवसांत येत असेल तर आईची सही असूनही तुम्ही त्यांच्या भांडणात ओढले जाल. आदेश नसेल तर दोघांचीही लेखी संमती घ्या. दोघांपैकी एकाने लेखी हरकत घेतली तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला पाण्यावर नेऊ नका. हे सगळं आईशी आणि वडिलांशी वेगवेगळं, फोनवर बोला. सोसायटीच्या ग्रुपवर नको आणि त्या मुलीसमोर तर नकोच.