पांदणीत चालेल का?

प्रश्न : रशियात चाकांऐवजी फिरणाऱ्या स्क्रूवर चालणारी गाडी होती म्हणे. पावसाळ्यात आमच्या पांदण रस्त्यावर ट्रॅक्टर रुततो, तिथं ती चालेल का? – एक शेतकरी, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : होती, आणि तिच्यामागचं कारण मोठं आहे. मार्च 1965 मध्ये वोस्खोद-2 हे अंतराळयान रशियातल्या पर्मच्या बर्फाळ जंगलात उतरलं. त्यातले अंतराळवीर बेल्यायेव आणि लिओनोव यांनी दोन रात्री तिथंच काढल्या. मग विताली ग्राचेव यांच्या चमूने मॉस्कोच्या झिल या ट्रक कारखान्यात अंतराळवीरांना शोधून आणणारी वाहनं घडवली. त्यातलीच ही झिल-2906. सोयाबीन हार्वेस्टरचा ऑगर, म्हणजे माल पुढे ढकलणारा फिरता स्क्रू आठवा. तसे दोन पोकळ, पाण्यावर तरंगणारे ढोल, उलटसुलट फिरणारे. दलदल, बर्फ, पाणी सगळं कापत जाते. कडक जमिनीवर मात्र लंगडी, म्हणून तिला दुसऱ्या सहाचाकी गाडीच्या पाठीवर नेत.

आता आपली काळी माती. मी तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. केजव्हीलच्या, म्हणजे चिखलात लावायच्या लोखंडी चाकाच्या पट्ट्यांमधला चिखल विळ्याने खरवडून काढलाय. तोच चिखल त्या ढोलांवरच्या आट्यांत बसला की ढोल गुळगुळीत होईल, जागीच फिरेल. भाऊ, पांदणीला आधी नाली काढा, मग मुरूम टाका. पाणी निघालं की ट्रॅक्टर निघतो.