‘हॅपी-सॅड’ला मराठीत काय म्हणावे?

‘सिंग स्ट्रीट’ (२०१६) या जॉन कार्नी दिग्दर्शित आयरिश चित्रपटात ‘हॅपी-सॅड’ असा जोडशब्द येतो. त्याला मराठीत ‘सुखदुःखी’ म्हणता येईल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते म्हणता येणार नाही, आणि त्याचे कारण चित्रपटातल्या प्रसंगातच आहे. काळ १९८५चा, गाव डब्लिन. घरात पैशाची ओढाताण सुरू झाल्याने स्वस्तातल्या शाळेत घातलेला कॉनर हा मुलगा रफीना नावाच्या मुलीवर छाप पाडायला बँड काढतो आणि गाणी रचू लागतो. दुःखातही आनंदाने राहणे तुला जमत नाही, पण प्रेम असतेच तसे, अशा अर्थाचे काही ती त्याला सांगते आणि त्यासाठी हा शब्द वापरते. पुढे थोरला भाऊ ब्रेंडन त्याला ‘द क्यूअर’ या बँडची ओळख करून देतो. त्यांचे ‘इन बिट्वीन डेज’ ऐकून पाहा: गिटार धावत असते, पाय आपोआप ठेका धरतात आणि शब्द मात्र कुणाला तरी गमावल्याचे असतात. दोन्ही भाव एकाच क्षणी, एकाच ओळीत नांदतात. एक सरला आणि दुसरा आला, असे होत नाही.

‘सुखदुःख’ हा द्वंद्व समास आहे. त्यातली दोन पदे शेजारी बसतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. गीतेतले ‘सुखदुःखे समे कृत्वा’ आठवावे. तिथले द्विवचनच सांगते की वस्तू दोन आहेत. तुकोबा तर ‘सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वताएवढें’ म्हणून दोहोंना तराजूच्या दोन पारड्यांत घालतात. ‘कडूगोड आठवणी’ म्हणतानाही काही आठवणी कडू आणि काही गोड, अशी वाटणीच आपल्या मनात असते. ‘आंबटगोड’मध्ये मात्र दोन्ही चवी एकाच घासात येतात, त्यामुळे रचना म्हणून तो शब्द अगदी जवळचा आहे, पण त्यात दुःख मावत नाही, फार तर रुसवाफुगवा मावतो. ‘गोड हुरहुर’ मला फार आवडते, तरी हुरहुर ही न मिळालेल्याची किंवा दूर गेलेल्याची असते, आणि तिच्यावर पाय ठेका धरत नाहीत.

रफीनाच्या बोलण्यापुरते पाहिले, तर ‘हसरे दुःख’ चपखल बसते. भा. द. खेर यांनी चार्ली चॅप्लिनवरच्या कादंबरीला हेच नाव दिले, त्यामुळे ते मराठी कानांना परकेही नाही. अडचण एवढीच, की ते नाम आहे, आणि गाण्याला लावायला विशेषण हवे.

त्यासाठी मी ‘हसरे-दुखरे’ सुचवतो. क्रियापदाला ‘रा’ लागून झालेली विशेषणे मराठीत पुष्कळ आहेत: बोचरा, कापरा, लाजरा. कुसुमाग्रजांच्या श्रावणाला तर ‘हासरा, नाचरा’ अशी त्यांची माळच आहे. ‘लाजरा-बुजरा’सारखी जोडीही आपण सहज बोलतो. त्याच साच्यात ‘हसरा’ आणि ‘दुखरा’ विनासायास जुळतात, आणि इंग्रजीतल्यासारखीच दोन घरगुती, आखूड विशेषणे एकमेकांना चिकटतात. शिवाय ‘दुखरा’ या शब्दाला एक नेमकी छटा आहे. दुखरा गुडघा एरवी गप्प असतो, धक्का लागला की कळ येते. ही गाणीही तशीच, शब्दांकडे लक्ष गेले की दुखतात. ‘हसरे-रडके’ मात्र करू नये, कारण ‘रडके’ म्हटले की त्यात दूषण येते.

लिंगवचनाप्रमाणे तो शब्द मुकाट बदलतो: हसरी-दुखरी चाल, हसरा-दुखरा अंतरा, हसरे-दुखरे गाणे.