ई-क्लासवर ढोरं किती?

प्रश्न : आमच्या गावाला (ता. कारंजा घाडगे, जि. वर्धा) 90 एकर ई-क्लास (सरकारी चराईची जमीन) आहे. गाई-बैल 110, शेळ्या 60. काट्या लावून राखलेल्या पट्ट्यात पोरांनी नोव्हेंबरात मीटरभर लांबी-रुंदीचे 20 चौकोन कापले. वाळल्यावर चौकोनामागे सरासरी 130 ग्रॅम गवत भरलं. ग्रामसभा विचारते, किती ढोरं पोसतील?

उत्तर : पोरांना शाबासकी द्या. राखलेल्या पट्ट्यात कापलं हे फार बरं केलं. चरलेल्या जागी मोजलं असतं तर गवत किती उगवतं ते कळलंच नसतं.

130 ग्रॅम म्हणजे हेक्टरी 1300 किलो. पण 90 एकरांत पांदण, मुरमाड टेकाड आणि तरोट्याच्या तणाने गिळलेली जागा असणारच. त्यापोटी 15 एकर वजा धरू. उरले 75, म्हणजे 30 हेक्टर. त्यातलंही अर्धंच गवत ढोरांचं. बाकीचं तुडवलं जातं, उधई खाते, आणि ठोंबाला पुढच्या पावसात फुटायला बुडाशी पाती राहावी लागते. हा अर्धा वाटा कोणी मागितला तरी सोडू नका.

राहिले 19,500 किलो. 300 किलोची गवळाऊ गाय रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे साडेसात किलो सुकं गवत खाते. भागाकार 2600. एका गाईचे हे 2600 दिवस झाले. सहा शेळ्यांची एक गाय धरली (ढोबळच, शेळी बोरी-बाभळीवर जास्त जगते) तर तुमचं गोहन (गावाचा कळप) 120 गाईंचं. त्याला हे गवत जेमतेम 21 दिवस पुरेल. सहा महिने चारायचं तर 14 गाई.

पण म्हणून ग्रामसभेत ‘बाकीची विका’ असा ठराव होऊ देऊ नका. गोहन जगतं ते कुटारावर (मळणीच्या भुशावर), कडब्यावर आणि पीक निघालेल्या वावरात. सोयाबीन आलं, ज्वारी हटली, कडबा आटला आणि सगळा भार ई-क्लासवर आला. तेव्हा ‘ढोरं किती’ऐवजी ‘दिवस किती’ हे ठरवा. गवत कोणत्या महिन्यात संपतं, ते गायकीला (गुराख्याला) नेमकं ठाऊक असतं. त्याला सभेत बसवा.

शिवाय हे वजन एकाच पावसाळ्याचं. केनियातल्या तुर्काना भागाचा अभ्यास करून एलिस आणि स्विफ्ट यांनी 1988 मध्ये मांडलं, की पाऊस फार लहरी असेल तिथे ढोरांचा ठरीव आकडा टिकत नाही. आपला पाऊस तितका लहरी नाही, तरी हुकलेल्या वर्षीही चौकोन कापा आणि दिवस त्या वजनावर बांधा.

यंदा अर्धी ई-क्लास जुलै ते ऑक्टोबर बंद ठेवा. पवन्या गवताचं बी पडलं की ते कापून न्या. कुसळीला मात्र कुसळं धरण्याआधीच विळा लावा, नंतर ढोरं तिला हुंगून पुढे जातात.